हृदयाचे सीटी-चित्रण आणि रुग्णावरील प्रारण : भिलाईच्या निमित्ताने काही विचार

१९५९ साली ज्या नगरीत पहिली झोतभट्टी पेटली, त्या भिलाईत ‘सुरक्षितता’ हा शब्द कारखान्याच्या फाटकापुरता मर्यादित राहिला नाही. तो घरातल्या बोलण्यातही आला. तरीही भिलाईतील मराठी कुटुंबातील एखाद्या कामगाराला छातीत दुखते म्हणून हृदयाची सीटी-तपासणी सुचविली जाते, तेव्हा त्याच्यापुढे अपरिचित प्रश्न उभा राहतो : या तपासणीतील किरणांनी अपाय तर होणार नाही ना?

प्रश्नातील पहिला गुंता भाषेचा आहे. हिंदीतून कानावर पडणारा ‘विकिरण’ हा शब्द, मराठी वृत्तपत्रांतील ‘किरणोत्सर्ग’ आणि पारिभाषिक ‘प्रारण’ हे तीन शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः किरणोत्सर्ग हा अस्थिर अणुकेंद्रकांचा धर्म होय. सीटी-यंत्रात असा पदार्थ नसतो. तेथे विद्युत्‌शक्तीने क्ष-किरण निर्माण होतात आणि नलिका बंद होताच ते थांबतात. रुग्ण किरणोत्सर्गी होत नाही. त्याच्यापासून घरातील मुलाबाळांना धोका नसतो. मात्र शरीराने शोषलेल्या ऊर्जेचा परिणाम उरू शकतो, आणि खरा विचार त्याचाच करावयाचा असतो.

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने प्रारणक्षेत्रातील कर्मचाऱ्यासाठी मर्यादा घातली आहे : सलग पाच वर्षांची सरासरी दरवर्षी २० मिलिसीव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा अधिक नाही. सर्वसामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आहे. रुग्णासाठी मात्र अशी मर्यादा नाही. हे दुर्लक्ष नव्हे. कर्मचारी जो धोका पत्करतो त्याचा लाभ इतरांना होतो. रुग्णाचा धोका आणि लाभ दोन्ही त्याचेच असतात. आकडा आखून दिल्यास आवश्यक तपासणीही नाकारली जाईल. म्हणून येथे मर्यादेची जागा दोन तत्त्वे घेतात : तपासणीचे समर्थन, आणि आवश्यक तेवढीच मात्रा.

दुसऱ्या तत्त्वाचे महत्त्व हृदयाच्या बाबतीत विशेष आहे, कारण हृदय हलते अवयव आहे. जुन्या पद्धतीत ठोक्याच्या पूर्ण आवर्तनभर किरण सोडले जात आणि त्यांतील विश्रामाच्या क्षणाचेच चित्र बहुधा उपयोगी पडे. आता हृद्‌विद्युत्‌लेखाच्या आधारे नेमक्या क्षणीच किरण सोडता येतात. त्यासाठी ठोके संथ व नियमित हवेत. म्हणून तपासणीपूर्वी औषध दिले जाते. कृश रुग्णासाठी १२० ऐवजी १०० किलोव्होल्ट दाब पुरतो, आणि मात्रा लक्षणीय घटते.

फरक केवढा पडतो? २००७ मध्ये ५० केंद्रांत झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत मध्यम मात्रा सुमारे १२ मिलिसीव्हर्ट होती. २०१७ मध्ये ३२ देशांतील ६१ केंद्रांच्या पाहणीत ती, त्याच गुणकाने मोजता, तीनच्याही खाली आली. जगभरात निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट प्रारण मिळते, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे. परंतु त्याच दुसऱ्या पाहणीत केंद्राकेंद्रांतील अंतर सदतीसपट आढळले. यंत्र नवे असणे पुरेसे नाही. ते कसे वापरले जाते यावर मात्रा ठरते.

धोकाही सर्वांना सारखा नसतो. २००७ मधील एका गणिती अभ्यासाने, किरणमात्रा कमी करणारे उपाय न योजलेल्या तत्कालीन तपासणीमुळे आयुष्यात कर्करोग होण्याची शक्यता वीस वर्षांच्या स्त्रीत १४३ पैकी एक, तर ऐंशी वर्षांच्या पुरुषात ३,२६१ पैकी एक अशी वर्तविली. तरुण वय आणि स्त्रियांच्या स्तनांतील संवेदनशील ऊती ही या तफावतीची प्रमुख कारणे होत. हे अनुमान आहे, मोजलेली वस्तुस्थिती नव्हे. तथापि लक्षणे नसताना केवळ हौसेने तपासणी करू नये, एवढे त्यातून निश्चित निघते.

याउलट, लक्षणे असलेल्या रुग्णाने किरणांच्या भीतीने तपासणी टाळली, तर अवरुद्ध रोहिणीचा धोका त्याहून कितीतरी निकटचा असतो. म्हणून रुग्णाने विचारावे : ही तपासणी माझ्या उपचारात काय बदल घडवील? प्रारणाविना होणाऱ्या तपासणीने काम भागेल काय? माझ्यासाठी मात्रा कमी कशी ठेवली जाईल, आणि अहवालात ती नोंदली जाईल काय? कारखान्यातील कर्मचाऱ्याच्या छातीवरील बिल्ला त्याच्या मात्रेची नोंद ठेवतो. रुग्णाकडे असा बिल्ला नसतो. त्याची नोंद त्याच्या प्रश्नांतून आणि त्याला समजेल अशा भाषेतील उत्तरांतूनच व्हावयाची आहे.