रक्तशुद्धीची वाट का बंद पडते?

मूत्रपिंडे निकामी झालेला माणूस आज डायलिसिसच्या यंत्रावर वर्षानुवर्षे जगू शकतो, हे आपण जाणतोच. परंतु रुग्णाचे रक्त त्या यंत्रापर्यंत न्यावयाचे कोणत्या वाटेने? आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास, दर मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या आसपास रक्त बाहेर काढून परत सोडावे लागते. हातावरच्या साध्या शिरेतून एवढे रक्त मिळत नाही. आणि रोहिणी खोल असते, तिच्यात वारंवार सुई खुपसणे धोक्याचे.

डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली हॉलंडात कृत्रिम मूत्रपिंड प्रथम वापरले, तेव्हा रक्तवाहिन्या संपल्या की उपचारही संपे. १९६० साली सिएटलच्या डॉ. स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायम बसविली. पण तीत रक्त गोठे, जंतू शिरत. अखेर १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, चिमिनो प्रभृतींनी नवी युक्ती प्रसिद्ध केली. मनगटाजवळची रोहिणी आणि शीर त्यांनी एकमेकींस जोडली. रोहिणीचा जोरदार प्रवाह शिरेत शिरतो, ती फुगते, तिची भिंत जाड होते आणि काही आठवड्यांनी ती सुईला योग्य होते. यालाच फिस्टुला म्हणतात.

मग हा फिस्टुला बंद का पडतो? संथ, कमी दाबाचे रक्त वाहण्यासाठी घडलेल्या शिरेवर आपण रोहिणीचे काम लादतो, हेच त्याचे मूळ कारण. जोडाजवळ प्रवाह वेडावाकडा होतो. आतल्या अस्तराला ते सोसत नाही. तेथे पेशी वाढतात व मार्ग अरुंद होतो. प्रवाह मंदावला की रक्त गोठते. रक्तदाब फार उतरला, किंवा हात बराच वेळ दाबला गेला, तरीही तेच घडते. मधुमेही व वृद्ध रुग्णांत रोहिणी कठीण झालेली असली, तर शीर मुळात फुगतच नाही. एकाच जागी पुनःपुन्हा सुई टोचल्यास भिंत कमकुवत होऊन फुगवटा येतो. घाईच्या वेळी मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून घातलेली तात्पुरती नळी जंतूंना वाट देतेच. शिवाय ती छातीतील मोठी शीर अरुंद करून त्या बाजूचा पुढचा फिस्टुलाही बिघडवू शकते.

यातील बरेचसे टाळता येते. फिस्टुलावर बोटे ठेवली असता थरथर जाणवते. रुग्णाने ती रोज पाहावी. ती थांबल्यास पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अरुंद झालेला मार्ग वेळीच कळला तर फुग्याने रुंद करता येतो. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, तो उशाशी घेऊन झोपू नये.

आणि ज्यांची मूत्रपिंडे हळूहळू क्षीण होत आहेत, त्यांनी आजपासूनच हाताच्या शिरा जपाव्यात. रक्त तपासणीस द्यावयाचे झाल्यास पंजाच्या पाठीवरून द्यावे. बिघडलेले यंत्र बदलता येते. शिरा मात्र मोजक्याच असतात.