एकाच खोलीतली हवा

मोठ्या वाद्यवृंदात अगदी मागे उभ्या असलेल्या टिंपनीवादकाला एक गोष्ट सुरुवातीलाच शिकावी लागते. नुसत्या कानावर विसंबून वाजवायचे नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. पुढच्या व्हायोलिनचा सूर १५ मीटर मागे पोचेपर्यंत ४४ मिलिसेकंद उलटून गेलेले असतात. तो ऐकून मग ठोका दिला, तर तो ठोका पुन्हा तेवढेच अंतर कापून सभागृहात जाणार आणि चक्क मागे पडलेला ऐकू येणार. म्हणून टिंपनीवाला, ट्रम्बोनवाला नजर कंडक्टरच्या छडीवर ठेवतात आणि कानाला जे ऐकू येते त्याच्या किंचित आधी वाजवतात. किती आधी, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते त्या सभागृहात, त्या माणसांबरोबर, पुन्हा पुन्हा चुकून अंगवळणी पडते.

पंधरा-सोळा वर्षांची मुले युवा वाद्यवृंदात जातात ती यासाठी. आपापले वाद्य त्यांना येतच असते. तसे नसते तर निवडच झाली नसती. शिकायचे असते ते इतरांना ऐकणे. मार्च २०२० मध्ये कोविडच्या महामारीमुळे जगभरातली सभागृहे बंद झाली, तेव्हा नेमके हेच शिक्षण थांबले.

व्यावसायिक वाद्यवृंदांचेही त्या काळात फार हाल झाले, अनेक वादकांचे उत्पन्न तुटले. पण असा वाद्यवृंद दीड वर्षाने उघडला, तर बरेचसे वादक तेच असतात. युवा वाद्यवृंदाला वयाची अट असते. ब्रिटनचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद १९४८ साली रूथ रेल्टन यांनी सुरू केला. त्यात किशोरवयीन मुलेच असतात आणि आदल्या वर्षी निवड झालेल्यालाही दरवर्षी नव्याने चाचणी द्यावी लागते. १९७६ साली सुरू झालेल्या युरोपीय युवा वाद्यवृंदाची मर्यादा २६ वर्षांची. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने २०१३ पासून चालवलेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदात १६ ते १९ वर्षांची मुले घेतात. २०२० च्या उन्हाळ्यात जे एकोणीस वर्षांचे होते, त्यांच्यासाठी तो उन्हाळा शेवटचा होता. त्यांना कुणी 'पुढच्या वर्षी' म्हणू शकत नव्हते. परतण्याची जी धडपड झाली, तिची निकड मला इथे दिसते.

आधी अर्थातच संगणकाच्या पडद्यावर जमून पाहिले गेले. आपल्याकडे याच काळात गाण्याचे वर्ग ऑनलाइन झाले आणि बऱ्यापैकी चाललेही, कारण आपल्या तालमीची रीतच पाळीपाळीची आहे. गुरू गातात, शिष्य थांबतो, मग तो म्हणतो. तंबोरा शिष्याच्या फोनवर वाजत असतो. मधला उशीर त्या मोकळ्या जागेत मुरून जातो. तबल्याची संगत मात्र पडद्यावरून कुणाला जमली नाही. वाद्यवृंद म्हणजे सगळी संगतच.

हा उशीर नेमका किती चालतो, याचा शोध स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महामारीच्या कितीतरी आधी घेतला होता. दोन माणसे वेगवेगळ्या खोल्यांत बसवायची, एकमेकांत गुंफलेला ताल टाळ्यांनी धरायला सांगायचे आणि मधला उशीर यंत्राने कमीजास्त करत जायचे. उशीर साधारण १० ते २० मिलिसेकंद असला की लय स्थिर राहते. त्याहून वाढला की दोघेही एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय मंदावत जाते. तो १० च्याही खाली आणला, तर जोडी हळूहळू धावू लागते! एकाच खोलीत काही पावलांवर उभ्या असलेल्या दोन वादकांमध्ये निसर्गतः जेवढा उशीर असतो, तेवढाच आपल्याला मानवतो असे यातून दिसते. नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो. शिवाय ही साधने बनली बोलण्यासाठी. लांबवलेल्या सुराला ती गोंगाट समजतात आणि दाबून टाकतात. चेफ यांच्या गटाची 'जॅकट्रिप' ही प्रणाली तारेचे वेगवान इंटरनेट आणि जवळपास राहणारे वादक असतील तर उशीर बराच कमी करते. काही गायनवृंदांनी ती त्या दिवसांत वापरली. शंभर मुलांच्या वाद्यवृंदाला ती पुरणे शक्य नव्हते.

मग चौकटी-चौकटींचे ते व्हिडिओ आले. रॉटरडॅमच्या वादकांनी मार्च २०२० मध्येच आपापल्या घरून बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली आनंदाची धून वाजवली. पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदातल्या मुलांनी तीच धून निवडून देशभरच्या सगळ्यांनाच खिडकीत, अंगणात वाजवायला बोलावले. ते पाहताना डोळे भरून आले होते, आणि त्या मुलांच्या उमेदीला मी मनापासून दाद देते. पण चौकटींच्या व्हिडिओत प्रत्येक जण कानात ठोक्यांची पट्टी लावून एकटाच वाजवतो. मेळ घालतो तो संकलक. कुणी कुणाला ऐकलेले नसते, त्यामुळे शेजारचा किंचित चढला म्हणून आपण सूर सावरून घेणे, ओबोचा श्वास पाहून आपला गज उचलणे, यातले काही घडतच नाही.

प्रत्यक्ष जमायचे तर आड येत होती हवा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी स्कॅजिट खोऱ्यातल्या एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण हजर होते. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. एका तालमीतून एवढे घडू शकते म्हटल्यावर फुंकून वाजवायच्या वाद्यांबद्दल भीती वाटणे स्वाभाविक होते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने मे २०२० मध्ये तंतुवादकांत दीड आणि फुंकवाद्ये वाजवणाऱ्यांत दोन मीटर अंतर सुचवले. अमेरिकेत शाळांच्या आणि महाविद्यालयांच्या बँड संघटनांनी पुढाकार घेऊन कोलोरॅडो आणि मेरीलँड विद्यापीठांकडून अभ्यास करवून घेतला. क्लॅरिनेट, ट्रम्पेट वाजवताना नेमके किती सूक्ष्म कण बाहेर पडतात, कुठून पडतात, कापड लावल्यावर किती कमी होतात, हे प्रयोगशाळेत मोजले गेले. पुढे ब्रिस्टल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना असे आढळले की फुंकवाद्यांतून निघणारे कण साध्या श्वासोच्छ्वासाइतकेच असतात आणि मोठ्याने बोलण्या-गाण्यापेक्षा कमी. म्हणजे ज्यांना सगळ्यांत आधी घरी पाठवले, त्या पितळी वाद्यांवर थोडा अन्यायच झाला होता. पण २०२० च्या उन्हाळ्यात हे कुणाला माहीत नव्हते आणि मुलांच्या जिवाशी खेळायची कुणाची तयारी नव्हती. ती सावधगिरी योग्यच होती.

अमेरिकी अभ्यासातून जी शिस्त निघाली, तिने २०२०-२१ च्या तालमींचे रूपच बदलले. प्रत्येक वादकाला सहा फूट बाय सहा फूट जागा. ट्रम्बोनची नळी पुढे सरकते म्हणून त्याला नऊ फूट. फुंकणाऱ्यांसाठी मध्ये चीर असलेला मास्क. ट्रम्पेट-हॉर्नच्या कर्ण्यासारख्या तोंडाला गाळणीच्या कापडाची टोपी. पितळी वाद्यांत साचणारे पाणी एरवी सरळ जमिनीवर सोडतात. आता त्यासाठी कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतात तशा शोषक चटया अंथरायच्या. अर्धा तास वाजवायचे, मग खोली रिकामी करून हवा बदलेपर्यंत थांबायचे. हिशेब करून पाहा: शंभर मुलांना ३६०० चौरस फूट तर नुसती बसायलाच लागतात. एवढे सभागृह कुणाकडे होते? मग तंतुवाद्ये एका दिवशी, फुंकवाद्ये दुसऱ्या दिवशी. कुणी तंबू ठोकले, कुणी वाहनतळावर खुर्च्या मांडल्या.

जवळ आलेली मुले अशी पुन्हा लांब बसली आणि सुरुवातीला सांगितलेला तो मिलिसेकंदांचा हिशेब सभागृहातच येऊन उभा राहिला. अंतर दुप्पट झाले की उशीरही दुप्पट होतो. व्हायोलिनवाल्यांची आणखी एक पंचाईत झाली. तंतुवादक दोघांत एक स्टँड घेऊन बसतात. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा थांबतो आणि उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. आता प्रत्येकाला स्वतंत्र स्टँड मिळाला आणि पान उलटताना सगळा विभाग एकदमच थांबू लागला. पण हे फक्त पानापुरते नव्हते. नवखा मुलगा शेजारच्या अनुभवी मुलीचे बोट, गजाची दिशा, मोजणी बघत बघत तयार होतो. शिक्षकाने सांगण्याआधीच त्याला निम्मे कळलेले असते. सहा फुटांवरून ते दिसत नाही. नियम ढिले झाल्यावर सगळ्यांत आधी दोघांत एक स्टँड परत यायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते.

पूर्ण वाद्यवृंद एकत्र बसण्याची वाट मोकळी केली ती लशीने. अमेरिकेत १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी लस मे २०२१ मध्ये खुली झाली आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत अनेक युवा वाद्यवृंद पुन्हा एका छताखाली आले. (आपल्याकडे १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झाले.) डिसेंबरात ओमायक्रॉनने पुन्हा खीळ घातली, तरी दारे कायमची मिटली नाहीत. त्याआधी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ऑगस्ट २०२१ च्या प्रॉम्स संगीत महोत्सवात ब्रिटनचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद जोनाथन हेवर्ड यांच्या हाताखाली वाजला. कार्यक्रमात बेथोव्हेनची तिसरी सिंफनी, 'एरोइका' होती. एरवी दीडशेहून अधिक मुलांचा हा ताफा माहलर-स्ट्राउसच्या अवाढव्य रचनांसाठी ओळखला जातो. 'एरोइका'ला लाकडी फुंकवाद्यांच्या चार जोड्या, तीन हॉर्न, दोन ट्रम्पेट, टिंपनी आणि तंतुवाद्ये एवढे पुरते. त्या दिवसांना शोभणारी निवड. आणि तिच्यात लपायला जागा नाही; तीन हॉर्नांची ती प्रसिद्ध त्रयी दीड वर्ष एकट्याने सराव केलेल्या मुलांची खरी परीक्षा घेते.

व्हेनेझुएलाने अगदी उलटी वाट धरली. होसे अंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ साली काराकासमध्ये मूठभर मुलांना घेऊन सुरू केलेल्या 'एल सिस्तेमा'ने १३ नोव्हेंबर २०२१ रोजी लष्करी अकादमीच्या उघड्या पटांगणावर हजारो वादक बसवले. चायकॉव्हस्कीची 'स्लाव्ह मार्च' वाजली आणि गिनेसने ८५७३ वादक मोजून जगातला सर्वांत मोठा वाद्यवृंद म्हणून नोंद केली. आधीचा विक्रम २०१९ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये झालेला ८०९७ जणांचा. एवढ्या पसाऱ्यात एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला वेळेत पोचणे शक्यच नाही, त्यामुळे संगीत म्हणून त्याचे मोल मर्यादित आहे. लष्करी जागेवरच्या सोहळ्यात सरकारला हवे असलेले चित्र असते, हेही खरे. तरी दोन वर्षे घरात वाजवलेल्या मुलांना तेवढ्या गर्दीत बसून एकदम गज उचलताना काय वाटले असेल, ते मी नाकारू शकत नाही.

सगळेच परत आले असे नाही, आणि इथे मुंबईचा धागा येतो. मेहली मेहता यांचा जन्म १९०८ चा, मुंबईचा. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढे इंग्लंडात मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, मग फिलाडेल्फियात वाजवून ते लॉस एंजेलिसला गेले आणि १९६४ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली. चिरंजीव झुबिन तेव्हा त्याच शहराच्या फिलहार्मोनिकचे संचालक होते. मेहलींनी तरुणांचा हा वाद्यवृंद १९९८ पर्यंत चालवला. त्यातून तयार झालेले वादक अमेरिकेतल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वाजवत आले आहेत. महामारीतून तो वाद्यवृंद तालमीला परतला, पण आर्थिक ओढाताण सुटली नाही. मार्च २०२४ मध्ये, एकोणसाठाव्या हंगामात, तो बंद करत असल्याचे जाहीर झाले. ही बातमी मुंबईत फार थोड्यांपर्यंत पोचली, याचे मला वाईट वाटते.

जे टिकले त्यांच्यापुढे आता वेगळाच खड्डा आहे. व्हायोलिन लहानपणी घरच्या घरी सुरू करता येते. बॅसून, हॉर्न, ट्रम्बोन मुले साधारण दहा-अकराव्या वर्षी हाती घेतात, बहुधा शाळेच्या बँडमध्ये, शाळेचेच वाद्य उसने घेऊन. २०२०-२१ मध्ये अनेक शाळांत हे वर्ग भरलेच नाहीत किंवा पडद्यावर भरले, आणि ओठांची ठेवण पडद्यावरून दुरुस्त करणे फार अवघड आहे. त्या वेळी जे बॅसून हाती घेणार होते, ते आज युवा वाद्यवृंदाच्या चाचणीच्या वयात आले आहेत. त्या खुर्च्या भरायच्या, तर चाचणीची तारीख जाहीर करून भागणार नाही. शाळाशाळांत वाद्ये आणि शिक्षक आधी पोचवावे लागतील, आणि त्याचे पैसे मैफलीच्या तिकिटांतून निघत नाहीत.