घरचेच तर आहे!

मार्गशीर्षातील एका गुरुवारी सकाळी माझ्या आईला दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे अडखळू लागले. साखरेचे पाणी पाजून आम्ही तिला दवाखान्यात नेले. रक्तातील साखर फार खाली उतरली होती. मधुमेहाची गोळी तिने नेहमीप्रमाणे घेतली होती. उपास असल्याने पोटात अन्न नव्हते. "आजी, दुसरे काही औषध चालू आहे का?" या प्रश्नाला तिने ठाम नकार दिला. कारल्याच्या रसाची गोष्ट निघाली ती नंतर, सहज बोलता बोलता. डॉक्टरांनी पुन्हा विचारले तेव्हा ती म्हणाली, "ते औषध कसलं साहेब, घरचंच हाय की!" शेजारणीच्या सल्ल्यावरून महिनाभर ती रोज अनशापोटी कारल्याचा रस आणि मेथीची पूड घेत होती. घरातल्या आम्हा पदवीधरांना ते ठाऊक होते; पण डॉक्टरांना सांगण्याजोगे काही आहे, असे एकालाही वाटले नाही.

दोष एकट्या कारल्याचा, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. गोळी साखर उतरविते, कारले आणि मेथीही थोडीफार उतरवितात, उपासाने त्यात भर पडते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि तोल गेला. आईच्या दोन दिवसांच्या मुक्कामाला जो खर्च आला, त्यात तिच्या वर्षभराच्या गोळ्या आल्या असत्या.

'घरचे' म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आपल्या परंपरेलाही धरून नाही. चरकसंहितेत विरुद्ध आहाराचा स्वतंत्र विचार आहे. कशाबरोबर काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हा प्रश्न आयुर्वेदाने प्राचीन काळीच महत्त्वाचा मानला. आधुनिक संशोधनाने त्याला पुष्टीच दिली आहे. मिरीत पाइपरिन नावाचे द्रव्य असते. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांना असे आढळले की, हळदीतील कर्क्युमिन पाइपरिनसोबत दिल्यास शरीरात वीसपट शोषले जाते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनची नेहमीची ४५० मिलिग्रॅमची मात्रा पाइपरिनच्या जोडीने २०० मिलिग्रॅमवर आणणारे औषध जम्मूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधनातून तयार झाले आणि २००९ साली बाजारात आले. मिरीच्या अर्काने औषधाची मात्रा निम्म्याहून कमी होत असेल, तर तोच अर्क कोणाला न विचारता घेतल्यास काय होईल, याचा विचार करावयास हवा.

याच्या उलटही घडते. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात अपस्माराच्या दोन रुग्णांना फेनिटॉइन चालू असताना पुन्हा झटके येऊ लागले. दोघेही शंखपुष्पीचे औषध घेत होते. प्राण्यांवरील प्रयोगांत शंखपुष्पीमुळे रक्तातील फेनिटॉइन घटते, असे दिसून आले आणि १९९२ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंखपुष्पी वाईट नव्हे आणि फेनिटॉइनही वाईट नव्हे. परस्परांची वार्ता नसलेली त्यांची सोबत वाईट.

तथापि कोणी स्वयंपाकघराला भिण्याचे कारण नाही. येसरातल्या मिरीने किंवा भाजीतल्या चिमूटभर हळदीने सहसा काही बिघडत नाही. प्रश्न मात्रेचा आहे. चिमटीची जागा चमचा घेतो, फोडणीची जागा काढा, अर्क अथवा कॅप्सूल घेते, तेव्हा तो मसाला राहत नाही, औषध होतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर हळदीच्या कॅप्सूल अथवा लसणाचा अर्क घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते अधिकच घातक. इसबगोल औषधाचे शोषण अडवू शकते, म्हणून दोहोंत दोन तासांचे अंतर राखावे. लोहाची गोळी चहाबरोबर घेणे म्हणजे ती बरीचशी वाया घालविणे होय.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना केनेथ ॲरो यांचा १९६३ सालचा वैद्यकीय सेवेवरील निबंध परिचित आहे. हा बाजार भाजीबाजारासारखा नसतो, कारण डॉक्टरला जे कळते ते रुग्णाला कळत नाही, हे त्यांच्या विवेचनातील एक प्रमुख सूत्र. आपल्याकडे ही विषमता दुहेरी आहे. रुग्णाच्या घरात काय उकळते आहे, हे डॉक्टरला कळत नाही. धाराशिव शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय पूर्वीपासून आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची भर अलीकडे पडली. जिल्ह्यातला रुग्ण दोन्ही रांगांत उभा राहतो आणि आठवडी बाजारातून तिसरी पुडीही आणतो. या तिन्हींची गाठ पडते ती केवळ त्याच्या पिशवीत.

त्याला हसणे सोपे आहे. पण तालुक्याच्या गावी जावयाचे तर एसटीचे भाडे मोडते आणि दिवसाची मजुरी बुडते. परसातले कारले फुकट असते. त्याची निवड अडाणीपणाची नसते, परिस्थितीची असते. शिवाय काढ्याचे नाव काढताच अंगावर येणाऱ्या डॉक्टरपुढे रुग्ण पुढच्या खेपेस गप्प राहतो. हे मौनच सर्वांत महाग पडते.

उपाय खर्चाचा नाही. केसपेपरवर एक ओळ छापावी: 'घरचे काय घेता?' वैद्यांनीही डॉक्टरांची चिठ्ठी मागून पाहावी. रुग्णाने गोळ्या, पुड्या, काढ्याची बाटली असे सारे एकाच पिशवीत घालून न्यावे. शस्त्रक्रियेपूर्वी तर अवश्य न्यावे. आणि काढा लागू पडला असे वाटले, तरी डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी सोडू नये.

आई आजही कारले खाते, पण भाजीतले. दवाखान्यात जाताना मेथीच्या पुडीचा डबा मात्र ती आठवणीने सोबत घेते. 'घरचे' असले तरी ते सांगावयाचे असते, हे तिला उमगले आहे. आम्हा शिकलेल्यांना ते उमगावयास तिची ती सकाळ खर्ची पडावी लागली.