खताची टोपली आणि आपला श्वास

पाऊस सरून मुळशीत थंडी उतरली की दवाखान्यात दम्याचे रुग्ण वाढतात. गेल्या वर्षी खोकत आलेल्या एका आजींना विचारले, तेव्हा म्हणाल्या, "काही नाही हो डॉक्टर, खताची टोपली तेवढी रोज उकरते."

ओला कचरा घरीच जिरवणे हे उत्तम व्रत आहे. मात्र टोपली नीट राखली, तरच ती टिकते आणि आपल्यालाही बाधत नाही.

टोपली विटांवर, पावसाच्या आडोशाला ठेवावी. तळाची छिद्रे मोकळी असावीत. कचरा बारीक चिरून टाकावा आणि प्रत्येक थरावर वाळलेला पाला पसरावा. खत मुठीत दाबल्यावर एखादाच थेंब सुटावा. जास्त पाणी सुटल्यास पाला वाढवा, अगदी कोरडे वाटल्यास पाणी शिंपडा. तेलकट रस्सा, मासळी टाकू नका; त्यांच्या वासाने उंदीर येतात आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरू शकतो.

आता महत्त्वाचे. कोरडे खत उकरताना बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेत उडतात. दमा असलेल्यांनी, तसेच प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी हे काम घरातील तरुणांकडे सोपवावे. इतरांनीही खत किंचित ओले करून, मास्क व हातमोजे घालून, मोकळ्या हवेत हलवावे. नंतर साबणाने हात धुवावेत. खोकल्यासोबत ताप वा धाप असेल, तर डॉक्टरांना खताचे काम अवश्य सांगा.

त्या आजींची टोपली आता नातू हलवतो. आजी दुरून सूचना देतात!