पाचशे काय?

दौंडला आपाकडे वीज गेली, की दुल्हेभाईंचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडतं. म्हणून शिरूरला मी उचलून नेता येईल अशी बॅटरीची पेटी बघायला गेलो. दुकानदार म्हणाला, "५०० ची आहे." मी विचारलं, "५०० काय?"

मंडळी, वॅट म्हणजे तोटीची धार आणि वॅट-तास म्हणजे घागरीतलं पाणी. पेटी ५०० वॅट-तासांची होती. रूपांतरात तूट येते, हाती साधारण ४२५ लागतात. त्यावर ६० वॅटचा पंखा सात तास फिरेल. ३५० वॅटचं ते यंत्र मात्र जेमतेम सव्वा तास. आपाला तर रात्र काढायची!

पेटी घेतली, पण भरलेला सिलिंडरही उशाशी ठेवला. तुम्हीही आधी गरज मोजा, मग किंमत विचारा.