मांजर आडवं जातं तेव्हा नेमकं काय होतं?

मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो. शेवटी मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता, की सर, हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण रोजच्या जगण्यात त्याचं काय करायचं? म्हणून आज अगदी घरगुती विषय घेतोय. काळं मांजर. हसा, हरकत नाही, पण थोडं ऐका.

या विषयातली पहिली अडचण अशी, की काळ्या मांजराच्या अपशकुनावर विश्वास असलेला माणूसच सापडत नाही. कुणालाही विचारा. "छे हो, मी असलं काही मानत नाही." आणि सकाळी घाईत निघालेल्या याच गृहस्थांना मांजर आडवं जातं, तेव्हा स्कूटरचा ब्रेक आपोआप लागतो. ते कडेला थांबतात, मोबाइल बघितल्यासारखं करतात. मागून कुणीतरी पुढे जातं आणि मग हे निघतात. मानत नाही, *पण*. या 'पण'मध्ये सगळी गंमत आहे. कुणीच मानत नसलेली समजूत शेकडो वर्षं टिकते कशी?

आता ते थांबणं जरा नीट बघू. मांजर रस्ता ओलांडून गेलं. आता जो पहिला पुढे जाईल त्याचं काहीतरी वाईट होणार, अशी कल्पना. म्हणून मी थांबलो आणि दुसऱ्याला जाऊ दिलं. तो दुसरा कोण आहे? कामावर निघालेली एखादी बाई असेल, सायकलवरचा शाळकरी मुलगा असेल. माझा अपशकुनावर खरोखर विश्वास असेल, तर मी जाणूनबुजून माझं संकट त्या पोराच्या गळ्यात घातलं. पुढे खड्डा आहे हे माहीत असून एखाद्याला "तुम्ही व्हा पुढे" म्हणण्यासारखंच हे झालं. आपण इतके दुष्ट आहोत का? मला नाही वाटत. तोच मुलगा खरोखर खड्ड्यात पडणार असता तर हेच गृहस्थ ओरडून धावले असते. म्हणजे आतून त्यांनाही माहीत आहे की तिथे खड्डा नाही. तरीही थांबायचं सुटत नाही.

दुसरी गोष्ट. परंपरा, शास्त्र, असं लोक सांगतात ना, मग शास्त्र काय म्हणतं ते तरी बघावं. शकुनांवर आपल्याकडे जुनं आणि गंभीर लेखन आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त शकुनांवर बरीच प्रकरणं आहेत. त्यात शकुनाची जी भूमिका सांगितली आहे ती फार महत्त्वाची आहे. माणसाने मागच्या जन्मी जे बरंवाईट कर्म केलं, त्याचं फळ आता पिकत आलंय, हे शकुन वाटसरूला कळवतो. कळवतो! शकुन म्हणजे निरोप्या. फळ तुमच्या कर्माचं, मांजराचं त्यात काही नाही. पोस्टमनने वाईट बातमीचं पत्र आणलं आणि तुम्ही दुसऱ्याला म्हणालात की आधी तुम्ही घ्या, तर पत्त्यावरचं नाव बदलतं का? म्हणजे हा ग्रंथ शब्दशः मानला तरी रस्त्यात थांबून सुटका नाही. आपण काय करतो, निरोप्यालाच संकटाचं कारण समजतो आणि त्याला टाळतो. चिन्ह आणि कारण यांतली ही गल्लत आहे. मी तर म्हणेन, या बाबतीत वराहमिहिर आपल्यापेक्षा जास्त काटेकोर होता. त्याचं कर्मफळाचं गृहीतक मान्य करायचं की नाही, तो वेगळा प्रश्न.

कारण कशाला म्हणायचं, यावर आपल्या नैयायिकांनी अफाट काथ्याकूट केलाय. त्यांचा घडा आणि कुंभार तुम्हाला मागच्या वेळी भेटला आहे. घडा व्हायला माती लागते, चाक लागतं, कुंभार लागतो. आणि माती ज्याच्या पाठीवरून आली ते गाढव? ते घड्याच्या आधी तिथे होतं, हे खरं. पण माती बैलगाडीतून आली असती, डोक्यावरून आली असती, तरी घडा झालाच असता. म्हणून गाढव घड्याचं कारण नव्हे. नैयायिक त्याला 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आधी असणं एवढ्यावर कुणी कारण ठरत नाही. नेहमी आधी असावं लागतं, आणि त्याच्यावाचून काम अडलं पाहिजे. काळं मांजर हे या कुंभाराचं गाढव आहे. आणि खेड्यातली माणसं हेच कावळा आणि फांदीच्या म्हणीत सांगतात, त्यांना न्यायशास्त्र शिकवावं लागत नाही.

मग एवढं कळत असून गाडी अडते कुठे? मोजण्यात अडते. कागदावर चार चौकटी काढा. मांजर आडवं गेलं आणि नुकसान झालं. मांजर गेलं, काही झालं नाही. मांजर गेलं नाही, तरी नुकसान झालं. आणि मांजरही नाही, नुकसानही नाही. खरं-खोटं करायला चारही चौकटी भरायला हव्यात. आपली आठवण फक्त पहिली भरते. मांजर गेलं आणि दिवस सुरळीत गेला, तर संध्याकाळी घरी येऊन कोण सांगतं, की अगं आज मांजर आडवं गेलं आणि काहीच झालं नाही? फ्रान्सिस बेकनने १६२० साली एक गोष्ट सांगितलीय. जुनीच आहे, त्याच्याही आधी सिसेरोने सांगितलेली. देवळात एका नास्तिकाला चित्रं दाखवली, नवस बोलून जहाज फुटण्यातून वाचलेल्या लोकांची. "आता तरी पटलं का?" तो म्हणाला, "नवस बोलून बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत?"

काळं मांजर पाळणाऱ्यांची गंमत इथेच आहे. त्यांच्या दुसऱ्या चौकटीत एवढी गर्दी होते की तिच्याकडे दुर्लक्षच करता येत नाही. आमच्या घरी नऊ वर्षं एक काळी मांजरी आहे. स्वयंपाकघरातून गॅलरीत जाताना ती दिवसातून दहा वेळा तरी माझ्या पायांत आडवी येते. गुणाकार करा. बत्तीस हजार आठशे पन्नास वेळा. या हिशेबाने आमचं घर आजवर भुईसपाट व्हायला हवं होतं. एका परिचितांना हा गुणाकार सांगितला तर ते म्हणाले, "पाळलेल्याचा दोष लागत नाही." बरं. मग शेजाऱ्याने पाळलेलं असेल तर? "ते घराबाहेर भेटलं तर लागतो." अशा पळवाटा काढत गेलं की कुठलीही समजूत कधीच खोटी ठरत नाही. आणि कधीच खोटं ठरू न शकणारं विधान जगाबद्दल काही सांगतच नाही, हे कार्ल पॉपर यांनी विसाव्या शतकात विज्ञानाच्या संदर्भात मांडलं.

आता रंगाकडे येऊ. माझ्या लहानपणी आमच्या भागात 'मांजर आडवं गेलं' एवढंच म्हणत. रंगाची चौकशी फारशी होत नसे. आणि मराठी माणसाने काळ्या रंगाला घाबरावं हेही नवल आहे. आपला विठोबा काळा. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. संक्रांतीला आपण मुद्दाम काळी साडी नेसतो, बाळाला काळं झबलं शिवून वर हलव्याचे दागिने घालतो. दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावतो ती काळी. म्हणजे वाईटापासून राखणाराही काळा आणि वाईट आणणाराही काळाच! युरोपात मात्र काळ्या मांजराचा सैतानाशी संबंध जोडला गेला. पोप नववा ग्रेगरी याच्या १२३३ सालच्या फर्मानात जर्मनीतल्या कथित पाखंडी लोकांच्या विधीचं वर्णन आहे, त्यात काळं मांजर येतं. इथे एक सावधगिरी. या फर्मानामुळे युरोपभर मांजरं मारली, उंदीर वाढले आणि चौदाव्या शतकात प्लेग आला, अशी एक साखळी हल्ली फिरत असते. विवेकवादी मंडळी ती मोठ्या उत्साहाने सांगतात. मांजरं मारा असा हुकूम त्या फर्मानात नाही, आणि पुढच्या साखळीला भक्कम पुरावा नाही. अंधश्रद्धेला उत्तर म्हणून आपण दुसरी ऐकीव गोष्ट देऊ नये. तिकडे ब्रिटनमध्ये आणि जपानमध्ये काळं मांजर शुभ मानणारे भरपूर लोक आहेत. तेच मांजर विमानात बसवून तिकडे नेलं की शुभ होतं म्हणायचं.

रंगाचं खरं कारण साधं आहे. आई आणि बाप दोघांकडून एक विशिष्ट जनुक आलं की केसांवरचे पट्टे झाकले जातात आणि पिल्लू काळं होतं. म्हणून पट्टेरी आईबापांच्या पोटीसुद्धा एखादं काळं पिल्लू येतं. सकाळच्या उन्हात आमच्या मांजरीच्या अंगावर ते जुने पट्टे अंधुक दिसतात. आणि एक मौज सांगतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९५० च्या दशकात मुद्दाम काळ्याभोर मांजरांची एक जात तयार करायला सुरुवात झाली. भारतातल्या काळ्या बिबट्यासारखी दिसावी, ही इच्छा. तिचं नाव ठेवलं 'बॉम्बे'. आमची मुंबई तिकडे काळ्या मांजराच्या रूपाने कौतुक करून घेते आहे.

इथवर सगळं हसत-खेळत झालं. आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. "थोडं थांबलं तर काय जातं?" असं लोक म्हणतात. माझं काही जात नाही, कबूल. पण एखाद्या जिवाला चिन्ह ठरवायची ही सवय मांजरापाशी थांबत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात माणूस कामाला निघाला की विधवा बाई समोर येऊ नये म्हणून तिला माजघरात बसायला सांगत. आलवण नेसलेली बाई दिसली की पाऊल मागे. तिने काय केलं होतं? नवरा तापाने गेला, हिच्या पदरी अपशकुन. नवी सून आली आणि वर्षात सासऱ्यांचं आजारपण निघालं की 'पांढऱ्या पायाची'. पायगुण! आधी सून आली, मग आजार आला. हे तेच कुंभाराचं गाढव आहे, फक्त आता गाढवाच्या जागी वीस-बावीस वर्षांची मुलगी उभी आहे. हा शब्द इतिहासजमा झालाय असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातल्या मुलींशी बोलून बघावं.

बंगालमध्ये ज्येष्ठातल्या षष्ठीच्या व्रताची एक कथा आहे. षष्ठी ही मुलांची राखण करणारी देवी, आपल्या सटवाईची बहीणच म्हणा. मांजर हे तिचं वाहन. कथेतली सून घरातलं खाणं चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरावर घालते. मांजर देवीकडे गाऱ्हाणं नेतं, आणि सुनेची मुलं एकेक करून नाहीशी होतात. शेवटी ती मांजराची क्षमा मागते तेव्हा मुलं परत मिळतात. मांजरावर खोटा आळ घेणं हे पाप, असं सांगणारी व्रतकथा आपल्याच देशात आहे. शकुनवाल्यांना ती आठवत नाही.

थांबणाऱ्या माणसाची टिंगल करावी असंही मला वाटत नाही. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी ट्रोब्रिआंड बेटांवर पाहिलं, की शांत खाजणात मासे धरताना तिथले लोक कसलाही मंत्रतंत्र करत नसत. खुल्या समुद्रात जाताना मात्र करत. जिथे हाती काही नसतं तिथे माणूस हे करतो. मुलीला परीक्षेला घेऊन निघालेली आई मांजर पाहून थांबली, तर ती मांजराला घाबरलेली नसते, निकालाला घाबरलेली असते. तिच्याशी तर्कशास्त्र बोलू नका, पेपर संपेपर्यंत बरोबर उभे राहा. महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तो कायदा भीतीचा फायदा घेऊन लुबाडणाऱ्याला, छळणाऱ्याला धरतो. भिणाऱ्याला धरत नाही, आणि ते योग्यच आहे. भिणाऱ्याशी बोलावं लागतं. ते काम कायद्याचं नाही, आपलं आहे.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. "काळं पिल्लू घरी आणायचं आहे, सासूबाईंचा विरोध आहे, काय करावं?"

ताई, आज जे बोललो ते घरी जाऊन सासूबाईंना ऐकवू नका. वाद जिंकाल आणि पिल्लू बाहेरच राहील. "चार दिवस ठेवून बघू, मग देऊ कुणाला तरी" असंही सांगू नका. पिल्लाची सवय लावून मग त्याला काढणं वाईट, आणि पाळलेला प्राणी विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे. आधी सासूबाईंना नेमकी कशाची भीती आहे ते विचारा. बऱ्याचदा ती अपशकुनाची नसते. घरभर केस होतील, देव्हाऱ्यात तोंड घालेल, सुट्टीत गावाला गेलो तर बघणार कोण, अशी असते. त्याला उत्तरं आहेत. त्या हो म्हणाल्या तरच आणा. लसी वेळेवर द्या, नसबंदी करून घ्या. काळं मांजर रात्री रस्त्यावर गाडीवाल्याला दिसत नाही, म्हणून संध्याकाळनंतर घरातच ठेवा, गळ्यात चमकणारा पट्टा घाला, अडकला तर सहज सुटणारा. खाणं देण्याचं काम सासूबाईंकडे सोपवता आलं तर बघा, मांजर जेवण देणाऱ्याच्या मागे मागे करतं. फक्त त्यांना एक सांगून ठेवा, दूध नको. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही.