उंबरठ्यावरील दिवा

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास गोमंतकात रात्री लांबतात, माडांच्या झावळ्यांवर दव साचू लागते आणि तिन्हीसांजेला घराघरांपुढे कागदी तारे उजळतात. दिवाळीचा आकाशकंदील उतरवून आपण माळ्यावर ठेवलेला असतो. शेजारच्या ख्रिस्ती घराच्या बाल्कांवात त्याचा हा धाकटा भाऊ डोलू लागलेला असतो. अंत्रूज महालातील आम्हां देवळांच्या गावी राहणाऱ्यांनाही हा उजेड परका नाही. नाताळच्या सुट्टीत लेकी, सुना, नातवंडे घरी जमतात आणि 'आजोबा, तारे बघायला जाऊया' असा धोशा सुरू होतो. सायंकाळची आरती आटोपली की आम्हीही उपरणे सावरून त्यांच्याबरोबर निघतो.

'नाताळ' हा शब्द आपण मराठीत इतका मुरवून घेतला आहे, की तो सातासमुद्रांपलीकडून आला याची आठवणही राहत नाही. पोर्तुगीज भाषेतील 'नाताल' या शब्दावरून तो आला, आणि तो शब्द लॅटिनमधील 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा, यावरून. लॅटिनमध्ये जन्मलेल्यास 'नातुस' म्हणत. त्याचे जुने रूप 'ग्नातुस'. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ आणि आपल्या 'जन्' धातूचे मूळ एकच मानतात. म्हणजे आपला 'जात', आपला 'जन्म' आणि त्यांचा 'नाताळ' ही एकाच कुळीची लेकरे होत. ताऱ्याचेही तसेच आहे. ऋग्वेदात ताऱ्यांसाठी 'स्तृ' हा शब्द आढळतो. लॅटिनमधील 'स्तेला' त्याचाच सोयरा. शब्दांनी जपलेले हे नाते माणसांनी मात्र अनेकदा तोडले. त्याविषयी पुढे बोलू.

अंधाराच्या टोकाशी दिवा

ख्रिस्तजन्माचा दिवस शुभवर्तमानांत दिलेला नाही. 25 डिसेंबर या दिवशी तो साजरा होत असल्याची स्पष्ट नोंद रोममध्ये चौथ्या शतकात सापडते. रोमच्या त्या काळच्या पंचांगात हाच दिवस अयनाचा मानला जाई. आज सूर्याचे उत्तरेकडे वळणे 21 किंवा 22 डिसेंबरला होते. आपण उत्तरायणाचा पुण्यकाळ मकरसंक्रांतीला धरतो. परंतु संपातचलनामुळे संक्रांत 14-15 जानेवारीपर्यंत सरकली आहे. काही असो; जेथे रात्र सर्वांत लांब, तेथेच दिवे सर्वांत अधिक, हा मनुष्यमात्राचा संकेत दिसतो. आपण आश्विनातील अमावास्या निवडली, त्यांनी अयनाचा काळ निवडला.

नाताळच्या विजेच्या रोषणाईस मात्र दीडशे वर्षेही झालेली नाहीत. 1882 साली न्यूयॉर्क शहरात एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरातील नाताळवृक्षास लाल, पांढरे व निळे असे 80 दिवे लावले. तोवर झाडावर मेणबत्त्या लावीत आणि आग लागू नये म्हणून जवळ पाणी ठेवीत. गोठ्याचा देखावा त्याहून कितीतरी जुना. 1223 मध्ये असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो या गावी खरी गव्हाण आणि बैल-गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. ग्रंथ वाचता न येणाऱ्या साध्या माणसांस कथा डोळ्यांनी पाहता यावी हा त्यांचा हेतू. कीर्तनकाराला हा हेतू निराळा समजावून सांगावा लागत नाही.

पुलापलीकडची फेरी

फोंड्याकडून निघावे आणि बोरीचा पूल ओलांडून सासष्टीत उतरावे, ही आमच्या घरची नेहमीची वाट. पुलावर आले की जुवारीचे काळेभोर पाणी लागते आणि पलीकडच्या काठी एकेक तारा दिसू लागतो. पुढे राय, राशोल, मडगाव. वाडीवाडीतील तरुणांनी रस्त्याकाठी गोठे रचलेले असतात. भाताच्या पेंढ्याचे छप्पर, मातीच्या मेंढ्या, आरशाच्या तुकड्याचे तळे, आणि सभोवती कोवळे हिरवे अंकुर. हे अंकुर काही दिवस आधी नाचणी वा अन्य धान्य पेरून उगवलेले असतात. आमच्या सौभाग्यवती ते पाहून दरवर्षी म्हणतात, "ही तर आपल्या नवरात्रातली रुजवण." त्यांचे म्हणणे खरे आहे. बी मातीत घालून त्याच्या उगवण्याची वाट पाहणे हीच दोन्हीकडची पूजा.

सारखेपणा येथेच संपत नाही. नाताळच्या तबकात दोदोल आणि बेबिंक यांच्या जोडीला जी नेवरी असते, तीच चवथीला आपल्या गणरायापुढे असते. वर्ष सरताना मुले जुन्या कपड्यांत पेंढा भरून म्हातारा करतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे त्याच्या नावे पैसे मागतात आणि 31 डिसेंबरच्या मध्यरात्री त्यास जाळतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुर जाळणाऱ्या आमच्या नातवंडांस यात नवल ते काय वाटणार? ज्यांस सुट्टी अधिक आहे त्यांनी 6 जानेवारीपर्यंत थांबावे. त्या दिवशी कासावली-कुएलीच्या टेकडीवर आणि चांदर गावी तीन मुलगे राजवेष धारण करून मिरवतात. पूर्वेकडून ताऱ्याच्या मागोमाग सोने, ऊद आणि गंधरस घेऊन आलेल्या ज्ञानी पुरुषांचे ते स्मरण होय.

एक अवघड प्रश्न

येथवर सर्व गोड झाले. परंतु कीर्तन संपल्यावर वयोवृद्ध श्रोते आम्हांस एक प्रश्न विचारतात आणि तो टाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. "बुवा, ज्या राजवटीने आपली देवळे पाडली, तिच्याबरोबर आलेल्या सणाचे दिवे पाहावयास नातवंडांस का न्यावे?"

प्रश्नात दुःख आहे आणि ते दुःख खरे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या महालांतील देवळे जमीनदोस्त झाली. इ. स. 1560 च्या सुमारास कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. त्याच 1560 साली गोव्यात धर्मन्यायालय बसले आणि ते कायमचे उठावयास 1812 उजाडले. ज्या नदीवरून आज आमची नातवंडे हसत-खेळत जातात, त्याच नदीवरून एके काळी देव आले, आणि ते उत्सवाच्या पालखीतून आले नाहीत. हे आम्ही नातवंडांस पुलावरच सांगतो. सण पाहावयाचा म्हणून इतिहास लपवावा, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

पण इतिहास सांगावयाचा तर तो अर्धा सांगू नये. ज्यांच्या घरावर आज तारा लटकतो, त्यांचे पूर्वज बहुतांशी याच मातीतले, याच गावकीतले. एक भाऊ देव घेऊन नदीपार झाला, दुसरा जमिनीसाठी, लेकराबाळांसाठी किंवा भयामुळे मागे राहिला. कोणी श्रद्धेनेही गेला असेल. पाठीमागच्या भावाच्या पणतूला त्या राजवटीचा जाब विचारणे हा न्याय नव्हे. कुंकळ्ळीचे उदाहरण पाहा. 1583 साली तेथील गावकऱ्यांनी या जुलमाविरुद्ध शस्त्र उचलले. तेथील देवी फातर्प्यास गेली. पण फाल्गुन शुद्ध पंचमीस ती आपल्या मूळ स्थानी परत येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्याबरोबर चालतात आणि कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरीही त्या उत्सवात आपलेपणाने सामील होतात. साडेचारशे वर्षांच्या कालौघातही गावाने नाते मोडू दिले नाही.

दुसरे उदाहरण ग्रंथाचे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट 1579 साली गोव्यास आला आणि 1619 साली येथेच वारला. सासष्टीतील नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली होती. त्यांच्यासाठी त्याने ख्रिस्ताची कथा मराठीत, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत रचली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते 'क्रिस्तपुराण' 1616 साली राशोल येथे छापले गेले. ज्या राजवटीत पोथ्या नष्ट झाल्या, त्याच राजवटीत ओवी मात्र जिवंत राहिली, आणि ती गोठ्यातील बाळाचे वर्णन करू लागली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861-1919) आमच्या कीर्तनाचा घाटही ख्रिस्तकथेसाठी स्वीकारला. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहता, ज्याने आपली वीणा उचलली त्याला परका कसे म्हणावे?

आणि तिसरे उदाहरण आमच्याच दारातले. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ पाहा. घाटावरील दगडी दीपमाळेसारखा तो नाही. त्याचे अष्टकोनी मजले आणि कमानीदार कोनाडे यांत चर्चच्या मनोऱ्याची छाया जाणकार दाखवितात. आमच्या सभामंडपांत काचेची झुंबरे आहेत, तीही त्याच वाटेने आली. जत्रेच्या रात्री त्या कोनाड्यांत पणत्या लागतात, तेव्हा कमान कोणाची हे कोणी विचारीत नाही.

पाहुण्याची मर्यादा

तेव्हा जावे. मात्र पाहुण्याने जावे तसे जावे. मिस्सा चालू असता देखावा पाहण्यासाठी चर्चमध्ये शिरू नये. आपल्या काकडआरतीच्या वेळी कोणी असा शिरला तर आपणांस कसे वाटेल? गोठ्यातील मूर्तीस हात लावू नये. पणजीत चर्चच्या नागमोडी पायऱ्यांवर दिवे लागले की गर्दी लोटते. पुढे फोंतेन्हासच्या अरुंद गल्ल्यांत लोक दुसऱ्याच्या पायरीवर बसून छायाचित्रे काढतात. ती घरे आहेत, नाटकाचे पडदे नव्हेत. ओळखीचे घर असेल तर दाराबाहेरून तारा पाहून परतू नये. आत जावे, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करावी, मुलांच्या हाती चार लाडू द्यावे. नुसते दिवे पाहणे ही करमणूक झाली. ज्याने दिवा लावला त्याला भेटणे हा सण झाला.

आमच्या शास्त्रकारांनी 'देहलीदीपन्याय' म्हणून एक लौकिक न्याय सांगितला आहे. देहली म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो आणि अंगणातही. वाक्यातील एकच शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही पदांस लागू पडतो, तेथे पंडित या न्यायाचा आधार घेतात. गोमंतकीय माणसाची स्थिती काहीशी अशीच आहे. आपल्या उंबरठ्याच्या आत देव आहेत, त्यांच्या स्थलांतराची आठवण आहे. बाहेर अंगणापलीकडे शेजाऱ्याचा तारा आहे. आतला उजेड विझवून बाहेर जाण्याचे कारण नाही, आणि बाहेरचा अंधार वाढवून आतला उजेड वाढत नाही. नातवंडांना दोन्ही दिसले पाहिजे, म्हणून दिवा उंबरठ्यावरच असावा.